उतरलेली उसण

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. जूचंद्रला आमच्या आळीत माझं नाव सांगायच्या आधी लोक ही गोष्ट सांगत. कुणाच्या कमरेत उसण भरली, वाकलेला माणूस सरळ होईना, की तो आमच्या दारात येई. पायाळू माणसाचा डावा पाय कमरेवरून तीनदा फिरवला की उसण उतरते, असा आमच्याकडे समज. चार वर्षांची असल्यापासून मी उसण उतरवत आले. मिठागरात दिवसभर वाकून मीठ ओढणारी माणसं, लावणी करून कंबर धरलेल्या बायका सकाळी पारोशा तोंडाने येत, उंबऱ्यावर पालथ्या पडत, आणि आई मला झोपेतून उठवून, काखेत धरून त्यांच्या पाठीला माझा पाय टेकवी. बोलायचं नाही, हसायचं नाही, बदल्यात काही घ्यायचं नाही. घेतलं तर गुण जातो. दोन-तीन दिवसांनी तोच माणूस रस्त्यात भेटे आणि म्हणे, "उतरली गो बाय." एवढ्याशा शब्दांवर मी लहानाची मोठी झाले. अभ्यासात बरी होते, दिसायला बेताची, पण गावात माझ्या पायाला मान होता.

पुढे मी शिक्षिका झाले. चौथीला परिसर अभ्यास शिकवते. अंधश्रद्धेवर मुलांकडून तक्ते करून घेते आणि चांगले तक्ते वर्गात लावते. शनिवारी शाळा सुटली की माहेरी जाते, तेव्हा ओसरीवर कुणीतरी कंबर धरून बसलेलं असतं, त्याला सांगते उद्या सकाळी या, आणि रविवारी पाय लावून गोखिवऱ्याला परत येते. यात काही विसंगत आहे असं मला कधी वाटलं नाही. शाळेतलं शाळेत, गावातलं गावात.

नवरा मात्र चिडवायचा. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, पण लिहिताना तो असंच लिहिते, जरा जवळचं वाटतं. तो मूळचा कोकणातला. गोखिवऱ्यातल्या एका गाळ्यात लेथवर टर्नर आहे, तेवीस वर्षं झाली. "आमच्या बाई सकाळी लाथा मारून लोकांना बरं करतात आणि दुपारी विज्ञान शिकवतात," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मी म्हणायची, तुमच्या कमरेत भरेल ना, तेव्हा याल माझ्याच पायाशी. हे मी किती वेळा म्हटलं असेन. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दिवाळीनंतर गाळ्यात लेथचा चक, म्हणजे लोखंड पकडून ठेवणारा जड जबडा, उचलताना त्याच्या कमरेत काहीतरी लचकलं. दोन दिवस कंबर धरून चालला. मग दुखणं कमरेतून निघून उजव्या कुल्ल्यात गेलं, तिथून मांडीच्या मागून पोटरीत, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत. खोकला आला तरी कळ अंगठ्यात जायची. पायाला मुंग्या येऊ लागल्या. लेथवर दिवसभर उभा राहणारा माणूस, त्याला पाच मिनिटं उभं राहवेना, आणि बसणं तर त्याहून वाईट. जेवण तो ओट्याशी उभ्या-उभ्या, एका पायावर भार टाकून उरकायचा.

कारणांना तर तोटाच नव्हता. इमारतीत ज्याला कळलं त्याने एकेक कारण आणून दिलं. तळमजल्यावरच्या काकांच्या मते आमच्या रस्त्याचे खड्डे आणि ह्याची मोटरसायकल. समोरच्या वहिनींच्या मते गादी मऊ झाली. शाळेतली माझी एक मैत्रीण वटार गावची, तिने वाडीतली केळी आणून दिली आणि वर सांगितलं की हे बी-ट्वेल्व्ह कमी असल्याचं लक्षण, तिच्या दिरालाही असंच होत होतं. कुणी वात म्हणालं, कुणी साखर तपासा म्हणालं. आम्ही साखर तपासली, ती नीट निघाली, आणि मला उगाच पास झाल्यासारखं वाटलं. नेहमीचे डॉक्टर म्हणाले स्नायू आखडलाय, त्यांनी इंजेक्शन दिलं. आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी त्याला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला, तो अर्ध्यात ओरडला. डॉक्टर म्हणाले, मणक्यामधली गादी सरकून नस दबली असावी, पण असावी आणि आहे यात फरक असतो, एमआरआय करून घ्या. आणि निघताना म्हणाले की बधिरपणा वाढला, पायातली ताकद गेली किंवा लघवीला त्रास झाला तर तारखेची वाट बघू नका, तसेच निघून या.

मी मान हलवली. लघवीचा आणि कमरेचा काय संबंध, असं मनात म्हटलंसुद्धा. एमआरआयची तारीख पुढच्या शनिवारची मिळाली.

मधले दिवस कसे गेले ते मला सांगता येत नाही. तो जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडायचा आणि मला म्हणायचा, तू शाळेत जा. मी वर्गात फळ्यावर लिहायची आणि डोळ्यांसमोर तो तसा पडलेला दिसायचा. मंगळवारी संध्याकाळी घरी आले तर तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता, चेहरा घामाने निथळत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"बाई, लाव ना पाय," तो म्हणाला.

आता इथे एक अडचण होती. आमच्याकडे बायको नवऱ्याला पाय लावत नाही. चुकून लागला तरी वाकून त्याच्या पायाला हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, अंथरुणात पाय लागला तरी माझा हात आपोआप जातो. त्याची कंबर धरली तेव्हाच मी आईला फोनवर विचारलं होतं. आई एकदम गंभीर झाली. "सगल्या गावाला पाय लाव बाय, पन नवऱ्याला लावू नको," ती म्हणाली. "दोष लागतं. गावान दुसरा कोन पायालू हाय का मी बघतंव." हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, घरात डॉक्टर असताना मी कशाला तुमच्या गावात जाऊन पालथा पडू.

बुधवारी सकाळी मी खिडक्यांचे पडदे ओढले. घरात आम्ही दोघंच, मुलगी नोकरीला पुण्याला, तरी ओढले. मुख्य दाराचा उंबरा वापरायचा तर जिन्यावरून कुणी बघेल, म्हणून झोपायच्या खोलीच्या दारात जी संगमरवराची पट्टी आहे, तिच्यावर तो पालथा पडला. एवढा मोठा माणूस, बनियन वर करून, कपाळ फरशीला टेकवून पडलेला. मी चौकटीला धरलं. गावात शेकडो पाठींना पाय लावला असेल, कधी पाय थरथरला नव्हता. त्या दिवशी थरथरला. कमरेवरून खाली, कुल्ल्यापर्यंत, तीन वेळा. जोर दिला का? थोडा दिला असेल. किती, ते मला आजही नक्की आठवत नाही, आणि मी रोज आठवायचा प्रयत्न करते.

पाय काढल्यावर मी खाली वाकले आणि त्याच्या पायाला हात लावून कपाळाला नेला. तो फरशीतच हसला.

"राहू दे," म्हणाला.

गुरुवारी तसंच. शुक्रवारी तसंच, पुन्हा नमस्कार, पुन्हा त्याचं राहू दे. आणि शुक्रवारी संध्याकाळी मी शाळेतून आले तर तो सरळ उभा. चहा करत होता. माझ्याकडे वळला, कमरेवर हात ठेवून गावातल्या माणसांची नक्कल करत म्हणाला, "उतरली गो बाय." कळ नाही, चमक नाही, काही नाही. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसले आणि रडले. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नात झाला नव्हता. दोष लागो नाहीतर काय लागो, माझ्या पायाने माझ्या माणसाला उठवलं होतं.

मग मी फोन उचलला आणि शनिवारची एमआरआयची तारीख रद्द केली. त्याने नाही, मी. पलीकडच्या मुलीने विचारलं, दुसरी तारीख देऊ का? मी म्हटलं, गरज लागणार नाही. आईलाही कळवलं, पण पाय लावल्याचं सांगितलं नाही, नुसतं बरं वाटतंय म्हटलं. आई म्हणाली, "दुखना गेला ना? मंग त्या मशीनमंदी कनाला घालतंस त्याला?" मला तेच ऐकायचं होतं.

पुढचे पंधरा दिवस आम्ही सुखाचे समजलो. तो कामावर जाऊ लागला. काही बारीकसारीक गोष्टी व्हायच्या. एकदा तो वर आला तर उजव्या पायात चप्पल नव्हती. खाली जाऊन बघितलं तर दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात पडलेली. पायातून निघालेली त्याला कळली कशी नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, चप्पल सैल झालीय. दुसऱ्या दिवसापासून बूट घालू लागला. पायऱ्या चढताना त्याचा उजवा चवडा अडकायचा, मी म्हणायची पाय उचला जरा, म्हातारे झालात का. न्हाणीघरात त्याला फार वेळ लागायचा, नळ सोडलेला असायचा. पन्नाशीच्या पुरुषांना तसं होतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. दुखत तर नव्हतं ना. दुखत नाही म्हणजे बरं आहे, एवढं साधं गणित.

एका रविवारी मी माहेरी गेले नव्हते. सकाळी तो स्टुलावर बसून दाढी करत होता, लुंगी गुडघ्यापर्यंत वर गेलेली. मी केर काढत होते. त्याच्या उजव्या पोटरीवर तळहाताएवढा भाजल्याचा डाग होता, मधे फोड येऊन फुटलेला, कडेने ओला. मोटरसायकलच्या सायलेन्सरने भाजतं तसा.

मी विचारलं, हे कधी भाजलं? तो म्हणाला, काय? आणि वाकून आपल्याच पायाकडे असा बघायला लागला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

माझ्या हातातला झाडू पडला. मी खांद्यावरची साडीची पिन काढली, त्याला म्हटलं तिकडे तोंड करा, आणि पावलाला टोचली. अंगठ्याला, चवड्याला, पोटरीला. तो गप्प. मी म्हटलं, टोचलं की सांगा. तो म्हणाला, टोच ना मग. माझं तीन ठिकाणी टोचून झालं होतं. मांडीच्या मागे टोचलं, तिथेही नाही. दोन पायांच्या मधे, जिथे माणूस सायकलच्या सीटवर टेकतो, त्या सगळ्या भागाला काही कळत नव्हतं. त्वचा हे आपलं ज्ञानेंद्रिय आहे, त्वचेमुळे आपल्याला थंड, गरम, मऊ, टोकदार कळतं, हे मी पोरांकडून दरवर्षी घोकून घेते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू पाय लावलास त्या आठवड्यापासून. आधी नुसता चवडा होता."

"आणि सांगितलं नाहीत?"

"कळ गेली होती ना. म्हटलं बधिरपणा पण जाईल हळूहळू." मग लुंगी खाली ओढत म्हणाला, "तू किती खूश होतीस."

लघवीचं त्याने रिक्षात सांगितलं. आदल्या दिवसापासून धड होतच नव्हती, थेंब थेंब. पोट तटतटलेलं आणि त्याला ते फुगल्याचंही नीट कळत नव्हतं. माणसाने आपल्या बायकोला ही गोष्ट पंचवीस वर्षांनी रिक्षात, कानाशी लागून सांगावी, आणि तेही लाजत.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी त्याला तपासलं आणि त्यांच्या हालचालीच बदलल्या. आधी लघवीची नळी घातली, मग एमआरआयला पाठवलं. मी विचारलं, काय असेल? त्या म्हणाल्या, मणक्याची गादी फुटून सगळ्या नसांवर आलेली असू शकते, तिथे गाठ असू शकते, मणक्याचा टीबी असू शकतो, पू झालेला असू शकतो, बघितल्याशिवाय सांगत नाही. एमआरआयच्या खोलीबाहेर बाकावर बसून मी देवाला म्हणत होते, गादीच असू दे. गाठ नको, टीबी नको, गादी असू दे. नवस बोलले. आयुष्यात मी देवाकडे बऱ्याच गोष्टी मागितल्या, पण आपल्या नवऱ्याच्या मणक्याची गादी फुटलेली असू दे, असं कधी मागेन असं वाटलं नव्हतं.

गादीच निघाली. मोठा तुकडा सुटून नसांच्या जुडग्यावर बसलेला. संध्याकाळीच ऑपरेशन करायचं ठरलं. सह्या घेताना बाईंनी विचारलं, दुखणं कधी थांबलं? मी दिवस सांगितला. त्या लिहिता लिहिता थांबल्या. मग त्यांनी मला समजावलं, आणि चांगलं समजावलं, मी स्वतः शिकवते म्हणून मला कळतं. नस दबली की ती ओरडते, ते दुखणं. फारच दबली की तिचा आवाज बंद होतो. पाय बधिर होत असताना दुखणं अचानक थांबलं, तर ते बरं होणं नसतं.

म्हणजे शुक्रवारी मी खुर्चीत बसून आनंदाने रडले, त्याच वेळी त्याचा पाय मरायला लागला होता.

मी त्यांना खरं सांगितलं. पायाळू म्हणजे काय ते सांगितलं, तीन दिवस पाय लावल्याचं सांगितलं, आणि विचारलं की माझ्या पायाने तो तुकडा सरकला का. मला वाटलं त्या हसतील किंवा रागावतील. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"तुमच्या पायानं काही झालं असेल असं मला वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण पाय लावला म्हणून तुम्ही थांबलात ना?"

ऑपरेशन झालं. तुकडा काढला. बाई म्हणाल्या, नसांवरचं ओझं काढलंय, आता त्यांच्यात किती जीव उरलाय ते त्यांनीच दाखवायचं. काही महिने लागतील, वर्षही लागेल, आणि सगळं येईलच असं मी म्हणणार नाही. नवरा उताणा पडून छताकडे बघत होता. त्याने एकच विचारलं, लेथवर उभा राहीन का? त्या म्हणाल्या, आधी पायाला जमीन लागलेली कळू दे.

आई जूचंद्रहून दुसऱ्या दिवशी आली. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत भाकऱ्या. ती त्याच्या उशाशी बसली, मग मी तिला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. पाय लावला, दोष लागला, तू सांगूनही ऐकलं नाही. मला तिची बोलणी खायची होती. ती पदराचं टोक चाळवत बसली आणि म्हणाली, दोष बिस काय नाय.

"उसन तीन दिसांनी आपसूक उतरतं, बाय," ती म्हणाली. "पाय लावला काय न नाय लावला काय."

मी विचारलं, मग चाळीस वर्षं मला कशाला उठवत होतीस?

"लोकांना बरा वाटायचा. तुलाबी बरा वाटायचा. काली न बारीक होतीस, कोन विचारीत नव्हता तुला." मग ती म्हणाली, "मना काय ठाव, तू शिकली-सवरलेली खरा मानशील."

मला तिचा इतका राग आला की मी तिला रिक्षात बसवायलाही गेले नाही. नंतर वाटलं, तिने काय वाईट केलं. माझ्या पायाला तिनेच मान मिळवून दिला, आणि मी तो डोक्यावर घेऊन बसले.

घरी आणलं तेव्हा त्याला खुर्चीत बसवून चौघांनी तिसऱ्या मजल्यावर चढवलं, आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. उजवा चवडा लोंबायचा, त्याला प्लास्टिकची पट्टी. लघवीसाठी ठरावीक वेळी नळी, ती घालायला मी शिकले. सुरुवातीला तो भिंतीकडे तोंड करायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मला एक काम दिलं. रोज सकाळी त्याने डोळे मिटायचे, मी कापसाने पावलाला स्पर्श करायचा, आणि त्याने कुठे लागलं ते सांगायचं. पहिले पंधरा दिवस तो नाही म्हणायचा. नाही, नाही, नाही. मग एके दिवशी अंगठ्याला कापूस लावला आणि तो म्हणाला, लागलं. दुसऱ्या दिवशी चवड्यालाही. मी मुलीला फोन केला, शाळेत सांगितलं, वटारच्या मैत्रिणीने पुन्हा केळी पाठवली. आठवडाभर मी घरात गाणं म्हणत होते.

पण एकदा पोळलेली मी. आठव्या दिवशी त्याने डोळे मिटल्यावर मी कापूस पावलाजवळ नेला आणि तिथेच हवेत धरला. लावला नाही.

"लागलं," तो म्हणाला. "अंगठ्याला."

मी कापूस मागे घेतला. पुन्हा तसाच धरला.

"हां, आता चवड्याला."

मग मात्र माझा तोल गेला. मी कापूस त्याच्या तोंडावर फेकला आणि इतकी ओरडले की समोरच्या वहिनी दार उघडून आल्या. कशासाठी खोटं बोलता, कुणासाठी, तुम्हाला काय वाटतं मी चार वर्षांची पोर आहे, उतरली गो बाय म्हटलं की नाचेन? तो डोळे उघडून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, तू सकाळी उठून कापूस घेऊन बसतेस तेव्हा तुझा चेहरा तुला दिसत नाही, मला दिसतो.

त्यानंतर मी कापूस बंद केला. व्यायामाच्या बाई विचारतात, मी काहीतरी सांगते. मला आता त्याचं 'नाही' खरं वाटत नाही आणि 'हो' तर त्याहून नाही. नसा जिवंत आहेत की नाहीत हे फक्त त्याला कळू शकतं, आणि त्याच्या शब्दावर माझा विश्वास राहिला नाही. मला सगळ्यात जास्त भीती ह्याचीच वाटते. दिवस जातायत, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले महिने त्यातच मोजले जातायत.

परवाची गोष्ट. दुपारी जेवून तो गॅलरीत उंच पाठीच्या खुर्चीत उन्हाला बसला आणि तसाच झोपी गेला. पट्टी काढून ठेवलेली, पावलं पुढे पसरलेली, तोंड किंचित उघडं. आमची गॅलरी एका माणसापुरती. मी दोरीवरचे कपडे काढून, ढीग छातीशी धरून आत येत होते, खालचं दिसत नव्हतं, आणि माझा डावा पाय त्याच्या उजव्या पावलाला लागला. चांगला जोरात लागला.

हात आपोआप गेला. कपडे एका हाताने सांभाळत मी वाकले, त्याच्या पावलाला बोटं टेकवली आणि कपाळाला नेली.

"राहू दे," तो म्हणाला.

मी वाकलेली तशीच राहिले. त्याचे डोळे मिटलेले होते. श्वास झोपेतला, संथ, ओठांच्या कोपऱ्यात जरा ओल. मी वर बघत राहिले, पापणी हलते का ते. झोपेत माणूस खोटं बोलत नाही. म्हणजे त्याला लागलं. माझा पाय लागला, किंवा माझी बोटं लागली, आणि कुठूनतरी आतून ते वरपर्यंत पोचलं. की माझ्या हातातल्या बांगड्या वाजल्या आणि त्या ऐकून, सवयीने, तो बोलला? की तो जागाच होता?

मी कपडे खाली ठेवले. त्याच्या पावलांशी उकिडवी बसले. आणि नवरा समोर असताना सवाष्ण बाईने जे करू नये ते केलं, हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि वाजणार नाहीत अशा बेताने टॉवेलवर ठेवल्या. आता आवाज होणार नव्हता. मी बोट त्याच्या अंगठ्याजवळ नेलं, केसभर अंतर उरलं असेल, आणि पुढे नेता येईना. तो गप्प राहिला तर मग मी काय करायचं ते मला माहीत नव्हतं. ऊन त्याच्या पावलावरून सरकून माझ्या हातावर आलं. बसून बसून माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या, तरी मी उठले नाही.